मिठाची वाट, ढगाची वाट

समुद्राचे पाणी गोडे करणे म्हणजे एकजीव झालेल्या दोन वस्तूंची, मिठाची आणि पाण्याची, फारकत करणे होय. ही फारकत यंत्राने करण्याच्या विद्येला आज निःक्षारीकरण असे नाव आहे, आणि तिचा इतिहास सांगताना बंदरांचा, जहाजांचा आणि किनाऱ्यावरच्या शहरांचा विचार साहजिकच आधी होतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे गुजरातच्या सीमेला भिडलेला पेठ तालुका या इतिहासात कोणी धरत नाही, कारण तेथे समुद्र नाही. तरीही समुद्राचे हे दोन्ही भाग पेठला शतकानुशतके वेगवेगळ्या वाटांनी पोचत आले: मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाट चढत आले, आणि पाणी ढगांतून आले. मीठ धान्य किंवा पैसे मोजून घ्यावे लागे, म्हणून ते घरोघर जपून ठेवले जाई. पाणी न मागता येई, पण ते धरून ठेवण्याची पुरेशी व्यवस्था कोणत्याच राजवटीने केली नाही. पेठच्या पाण्याचा इतिहास हा मुख्यतः या न झालेल्या साठवणीचा इतिहास आहे.

इंग्रजी दप्तरात ‘पेंट’ असा उल्लेख असलेले पेठ हे पूर्वी एक लहान संस्थान होते. १८७८ मध्ये तेथील बेगमेच्या मृत्यूनंतर ते खालसा होऊन नाशिक जिल्ह्याचा एक भाग बनले, आणि १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन जिल्ह्यातील एक उपविभाग म्हणून आले. एकामागून एक डोंगरांच्या सोंडा, त्यांच्यामधल्या खोल दऱ्या, आणि क्वचित कोठे सपाट जमीन, असा हा मुलूख आहे. कोकणा, महादेव कोळी आणि वारली हे येथील प्रमुख आदिवासी समाज असून उतारावर नागली, वरई आणि खुरासणी, तर खाचरांत भात, ही त्यांची जुनी पिके आहेत. यांपैकी कोकणा समाजाच्या नावातच कोकण आहे, आणि आपले पूर्वज दुर्गादेवीच्या दुष्काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या मोठ्या दुष्काळात, किनाऱ्याकडून डोंगरात आले अशी त्यांची परंपरा सांगते. ही परंपरा इतिहासाच्या काटेकोर कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. पाण्यावाचून लोकांनी स्थलांतर केल्याची आठवण एका समाजाने आपल्या नावाशी बांधून ठेवली, एवढी गोष्ट येथे महत्त्वाची आहे. याच दिशेने मीठही येत असे. कोकणपट्टीच्या मिठागरांत उन्हाने पाणी उडवून मीठ मागे ठेवले जाई, आणि ते लमाणांच्या व वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर घाटवाटांनी देशावर चढे. मिठागर हे खरे पाहता निःक्षारीकरणाचेच उलटे रूप आहे. तेथे मीठ हवे असते म्हणून पाणी हवेत सोडून दिले जाते.

हवेत गेलेले ते पाणी कोठे जाते, याचे उत्तर पेठच्या डोंगरावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत दिसते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि कोसळते, आणि त्यामुळे तालुक्यात वर्षाकाठी साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दोन हजार मिलिमीटर याचा अर्थ प्रत्येक हेक्टरवर दोन कोटी लिटर गोडे पाणी. एवढेच पाणी समुद्रातून आजच्या सर्वांत काटकसरीच्या यंत्राने काढायचे म्हटले, तर दर हजार लिटरला तीन ते चार युनिट या हिशेबाने साठ ते ऐंशी हजार युनिट वीज लागेल. आणि नुसते उकळून, वाफ धरून काढायचे म्हटले, तर सव्वा कोटी युनिटांच्या घरातली ऊर्जा खर्ची पडेल. सूर्य हे काम दरवर्षी, फक्त चार महिन्यांत आणि कोणतेही बिल न पाठवता करतो. पेठला यंत्राची उणीव कधीच नव्हती, आणि म्हणूनच तेथील टंचाई समजून घेणे किनाऱ्यावरच्या टंचाईपेक्षा अवघड आहे.

तिचे पहिले कारण जमिनीखाली आहे. हा सारा प्रदेश काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून झालेल्या बेसॉल्ट खडकाचा आहे. वाळूच्या किंवा गाळाच्या जमिनीत कणाकणांमधल्या पोकळीत पाणी मावते. अखंड बेसॉल्टमध्ये अशी पोकळी जवळजवळ नसते, आणि पाणी केवळ वरच्या झिजलेल्या थरात व खडकाच्या भेगांत राहते. त्यात उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि जंगल विरळ होत गेलेले. त्यामुळे पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर मार्चपर्यंत तळ दाखवू लागते, ओढ्याच्या पात्रात झिरे खणावे लागतात, म्हणजे वाळू-मातीत हातभर खड्डा करून त्यात झिरपणारे पाणी वाटीवाटीने भरावे लागते, आणि हे काम पिढ्यानपिढ्या बायका व मुलींच्या वाट्याला आले आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये बोरीची बारी या पेठ तालुक्यातील गावच्या स्त्रिया विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरत असल्याची दृश्ये देशभर दाखवली गेली. बाहेरच्या लोकांना ती धक्कादायक वाटली. तालुक्यात मात्र तो उन्हाळ्याचा नित्यक्रम होता.

दुसरे कारण राज्यकारभारात आहे. १८७८ या एकाच वर्षी पेठ खालसा झाले, भारतीय वन कायदा झाला आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही झाला. यांतले पहिले दोन बदल पेठच्या पाण्याशी उघड जोडलेले आहेत, कारण जंगल सरकारजमा झाल्यावर ओढ्यांच्या उगमावरचा लोकांचा हक्क आणि त्यांच्यावरची लोकांची राखण, दोन्ही सैल झाली. तिसऱ्याचा संबंध अनपेक्षित आहे. मोहाची फुले आंबवून मातीच्या मडक्यात तापवायची, त्यांची वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात न्यायची आणि थेंबाथेंबाने गोळा करायची, ही भट्टीची रीत या डोंगरी भागात घराघराला ठाऊक होती. शास्त्रीय भाषेत हिला ऊर्ध्वपातन म्हणतात: जे आधी उडते ते वर घ्यायचे, जे उडत नाही ते खाली ठेवायचे. समुद्राचे पाणी गोडे करण्याची सर्वांत जुनी रीत तीच आहे, फक्त मडक्यात मोहाऐवजी खारे पाणी. अबकारी कायद्याने ती घरातून काढून सरकारी मक्त्याखाली नेली, पण तत्त्व तेच राहिले, आणि त्याच सुमारास याच मुंबई इलाख्याच्या एका दूरच्या ठाण्यात ते पाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जात होते.

ते ठाणे म्हणजे एडन. १८३९ च्या जानेवारीत मुंबई सरकारने ते घेतले, आणि पुढे १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईच्याच अखत्यारीत होता. म्हणजे ज्या इलाख्यात पेठ होते, त्याच इलाख्यात एडनही होते. मुंबई-सुएझ मार्गावरच्या आगबोटींना कोळसा आणि पाणी पुरवणे हे एडनचे मुख्य काम. तेथे पाऊस वर्षाला काही सेंटिमीटरच पडे, विहिरींचे पाणी मचूळ, आणि वस्ती व बोटी मात्र वाढत्या. यावर दोन उपाय झाले. पहिला जुना होता: गावामागच्या खडकाळ घळीत प्राचीन काळी कोरलेली टाकी गाळाने बुजली होती, ती १८५६ पासून प्लेफेअर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली साफ करून पुन्हा वापरात आणण्यात आली. दुसरा नवा होता: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने आणि आगबोट कंपन्यांनी तेथे कंडेन्सर बसवले, म्हणजे कोळसा जाळून समुद्राचे पाणी उकळणारी आणि त्याची वाफ थंड करून गोडे पाणी देणारी यंत्रे. ही यंत्रे चालली, पण भांड्यांच्या आत क्षारांची पुटे धरत, आणि प्रत्येक घागरीमागे दुरून बोटीने आणलेला कोळसा जळे. म्हणून टाक्यांत पाणी असेल तेव्हा टाक्यांकडे आणि ती कोरडी पडली की कंडेन्सरकडे, असा एडनचा व्यवहार झाला. जेथे पावसाचा थेंब दुर्मीळ होता, तेथे मुंबई सरकारने पाण्याच्या साठवणीवर आणि यंत्रावर दोन्हीकडे पैसा घातला. जेथे पाऊस धो धो पडे, त्या पेठमध्ये साठवणीचे असे काम झाले नाही. हा फरक भूगोलाने केलेला नाही. एडनमधून साम्राज्याच्या आगबोटी जात आणि पेठमधून लाकूड जाई, यातून तो झाला.

विसाव्या शतकात या विद्येने रूप बदलले. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा तयार केला, की त्यातून दाबाखाली पाणी जाई आणि मीठ अडे. पडद्याच्या दोन बाजूंना खारे व गोडे पाणी असेल तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे सरकते, याला परासरण म्हणतात. खाऱ्या बाजूने भरपूर दाब दिला तर ही दिशा उलटते, आणि तेच आज घरोघरी माहीत असलेले ‘आरओ’. दर लिटरमध्ये पस्तीस ग्रॅम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्यासाठी हा दाब वातावरणाच्या साठपट किंवा अधिक लागतो, आणि घेतलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त पाणी अधिक खारट होऊन परत समुद्रात सोडावे लागते. महाराष्ट्रात या विद्येचे मोठे केंद्र ठरले ते तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. तेथे अणुभट्टीची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करण्याचे प्रयोग झाले, आणि याच केंद्राने कल्पाक्कमला ऊर्ध्वपातन व आरओ या दोन्ही पद्धती एकत्र करणारा प्रकल्प उभा केला. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून, वरचे कोमट आणि खोलातले थंड समुद्रजल यांच्यातील तापमानाच्या फरकावर चालणारे संयंत्र दिवसाला सुमारे एक लाख लिटर पाणी देत आले आहे. चेन्नईजवळच्या मिंजूरला २०१० मध्ये दररोज दहा कोटी लिटरचा आरओ प्रकल्प सुरू झाला.

मुंबईचा मार्ग याच्या नेमका उलट होता, आणि येथूनच पेठ पुन्हा या इतिहासात येते. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेले हे शहर पाण्यासाठी सतत डोंगराकडे पाहत गेले: १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरचे मोडक सागर, आणि १९७३ मध्ये थेट नाशिक जिल्ह्यातील ऊर्ध्व वैतरणा. दर पिढीत पाण्याचा उगम आणखी वर आणि आणखी आत सरकला. यापुढची पायरी म्हणून दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्प पुढे आला. दमणगंगा नाशिक जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावून दमणजवळ अरबी समुद्राला मिळते, आणि पेठचे बरेचसे पाणी तिच्या उपनद्यांतूनच खाली उतरते. भुगड आणि खारगीहिल या धरणांतून बोगद्याने पाणी पिंजाळ खोऱ्यात व तेथून मुंबईला न्यावे, असा हा आराखडा. त्यासाठी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ३ मे २०१० रोजी करार झाला. त्याच करारात पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पही होता, आणि त्याच्या सात प्रस्तावित धरणांपैकी झरीचे धरण नाशिक जिल्ह्यात पार नदीवर येणार होते. गुजरातमधील आदिवासींच्या तीव्र विरोधानंतर गुजरात सरकारने मे २०२२ मध्ये तो प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले.

दरम्यान मुंबई महानगरपालिकेने समुद्राकडे तोंड वळवले. मनोरी येथे सुमारे बारा हेक्टर जागेवर दररोज वीस कोटी लिटर, आणि पुढे चाळीस कोटी लिटरपर्यंत वाढवता येईल, असा निःक्षारीकरण प्रकल्प ठरला. २०२१ च्या जूनमध्ये त्याचा सविस्तर अहवाल करण्यासाठी इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार झाला, आणि २०२३ च्या अखेरीस निविदा निघाली. महाग वीज, खाऱ्या उर्वरित पाण्याचा किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीवर होणारा परिणाम आणि मनोरी-गोराईच्या कोळी वस्तीची चिंता, हे आक्षेप खरे आहेत आणि त्यांचे उत्तर द्यावेच लागेल. पण या प्रकल्पाचा हिशेब मांडताना त्याची तुलना केवळ सध्याच्या पाणीपट्टीशी केली जाते, ही मोठी उणीव आहे. किनाऱ्यावर तयार होणारा प्रत्येक लिटर हा डोंगरातून न मागितलेला लिटर असतो, आणि ज्या खोऱ्यातून तो मागितला गेला असता, तेथील बुडणारी जमीन, जंगल आणि विहिरी या हिशेबात कोठेच दिसत नाहीत.

पेठचे पाणी आता पूर्वेकडेही मागितले जात आहे. तालुक्यातील एकदरे येथे धरण बांधून दमणगंगेच्या खोऱ्यातले पाणी उपसून गोदावरीच्या खोऱ्यात टाकावे, म्हणजे ते नाशिकला आणि पुढे मराठवाड्याला मिळेल, अशा दमणगंगा-एकदरे-गोदावरी योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. मराठवाड्याची तहान खरी आहे, तिच्याविषयी वाद नाही. योजनेचे आकडे धरणात किती पाणी मावेल आणि घाटमाथ्यापलीकडे किती चढेल एवढे सांगतात. हजार लिटर पाणी पाचशे मीटर चढवायला, नुसत्या वजनाच्या हिशेबाने, सव्वा युनिटाहून थोडी अधिक वीज लागते, म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करायला जेवढी वीज लागते, तिच्या एका मोठ्या हिश्श्याएवढी वीज डोंगर चढवण्यातच जाते. एकदऱ्याच्या आसपासच्या पाड्यांच्या विहिरी एप्रिलमध्ये भरलेल्या राहतील की नाही, यासाठी मात्र त्या आकड्यांत वेगळा रकाना नाही.