फर्मान, अधिसूचना आणि परिपत्रक : केंद्रीय नियमनसत्तेच्या न्यायालयीन मर्यादा

१

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे रस्त्यालगतचे एक लहानसे ठिकाण. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. ह्या स्थित्यंतराचा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे. तथापि त्याच काळात शासनाच्या आज्ञेचे स्वरूपच पालटले, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची असूनही सहसा लक्षात घेतली जात नाही.

संस्थानी अमलात अखेरची आज्ञा म्हणजे फर्मान. ह्या फर्मानाचे कायदेशीर स्वरूप काय होते, हे गंमत अशी की संस्थान गेल्यानंतरच निर्णायकपणे सांगितले गेले. नवाब वलीउद्दौला यांच्या वारसाहक्काचा तंटा सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा आला. त्यातील १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात न्यायालयाने असे मत दिले की, निजाम हा विधिमंडळ, न्यायपीठ व कार्यकारी सत्ता ह्या तिहींचा एकत्रित धनी होता, त्याच्या अधिकारास कोणतीही घटनात्मक मर्यादा नव्हती, आणि म्हणून त्याचे फर्मान हाच कायदा होता. ह्याच तंट्यासाठी हैदराबादच्या विधिमंडळाने १९५० मध्ये केलेला खास कायदा मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द ठरविला होता. वाद एक, पक्षकार तेच. परंतु राज्यघटनेपूर्वीच्या आज्ञेस माप नव्हते, नंतरच्या आज्ञेस ते होते.

मराठी भाषेने ह्या बदलाची नोंद आपल्या परीने ठेविली आहे. ‘फर्मान’ हा फार्सी शब्द एके काळी केवळ राजाज्ञेचा वाचक होता. आज ‘साहेबांनी फर्मान सोडले’ असे म्हटले जाते तेव्हा त्यात आधार नसलेल्या हुकमाविषयीची नापसंती असते. शब्दाच्या अर्थास आलेली ही उतरती कळा आणि आज्ञेस लाभलेली न्यायालयीन मर्यादा ह्यांची दिशा एकच आहे.

२

तथापि घटना आली म्हणून शासनाचे हुकूम कमी झाले असे नव्हे, ते वाढलेच. अन्नधान्य, कापड, कोळसा, औषधे, आयात अशा प्रत्येक बाबतीत संसदेने ढोबळ कायदा करावा आणि तपशील केंद्र सरकारने वा त्याच्या एखाद्या यंत्रणेने अधिसूचनेने भरावा, अशी रीत पडली. हे अधिकारदान कोठवर चालेल, हा प्रश्न १९५१ मध्ये दिल्ली कायदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सातही न्यायमूर्तींनी आपापली स्वतंत्र मते लिहिली. त्यांतून निघालेले सामाईक सूत्र एवढेच की, कायद्याचे धोरण ठरविण्याचे मूळ कार्य विधिमंडळास दुसऱ्याकडे सोपविता येत नाही.

ह्या सूत्राची कसोटी १९५४ मध्ये लागली. मुंबईहून कानपुरास परवान्याशिवाय नवे सुती कापड नेणाऱ्या हरिशंकर बागला यांना नोव्हेंबर १९४८ मध्ये इटारसी येथे पकडण्यात आले होते. कापडाच्या वाहतुकीवरील निर्बंध १९४६ च्या जीवनावश्यक पुरवठा कायद्यावर आधारलेला होता. पुरवठा टिकविणे आणि रास्त दराने समान वाटप करणे हे धोरण त्या कायद्याच्या शब्दांतच होते, म्हणून न्यायालयाने तो निर्बंध वैध ठरविला. त्याच वर्षी द्वारकाप्रसाद प्रकरणात मात्र उत्तर प्रदेशातील कोळसा नियंत्रण आदेशाचे एक कलम रद्द झाले, कारण परवाना द्यावा की नाकारावा हे त्यात अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर सोडले होते. दोन्ही आदेशांचे मूळ १९४६ च्या एकाच केंद्रीय कायद्यात होते. फरक पडला तो मर्जीस बांधणाऱ्या शब्दांच्या असण्यानसण्याने.

डिसेंबर १९५९ मधील हमदर्द दवाखाना प्रकरणात ही दृष्टी अधिकच स्पष्ट झाली. १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींच्या कायद्यात काही रोगांची नावे देऊन, नियमांत नमूद होईल असा ‘अन्य कोणताही रोग’ असे शेपूट जोडले होते. तो अन्य रोग कशाच्या आधारे निवडावा, हे कायदा सांगत नव्हता. न्यायालयाने कायदा राखला, परंतु ते शब्द छाटले.

३

१९८४ हे वर्ष ह्या इतिहासात दोन बाजूंनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात, उत्तरपत्रिका पाहण्यास व पुन्हा तपासून घेण्यास मनाई करणारे विनियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले असताना सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले. मंडळ राज्याचे असले तरी तत्त्व सर्वांस लागू होते : विनियम अधिकारात बसतो की नाही हे न्यायालयाने पाहावे, तो शहाणपणाचा आहे की नाही हे पाहू नये. डिसेंबरात इंडियन एक्स्प्रेस प्रकरणी, वृत्तपत्रीय कागदावरील आयात शुल्काच्या वादात, त्याच न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. संसदेच्या कायद्यास जे संरक्षण मिळते तेवढे दुय्यम विधिविधानास मिळत नाही. ते मूळ अधिनियमाशी विसंगत असेल किंवा उघडउघड मनमानी असेल तर टिकणार नाही.

योगायोग असा की, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच शेव्हरॉन प्रकरणात, कायद्याचा शब्द संदिग्ध असल्यास संबंधित संघीय यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ मानावा, असे ठरविले होते. २८ जून २०२४ रोजी लोपर ब्राइट प्रकरणात ते मत सोडून देण्यात आले व शब्दाचा अर्थ लावणे हे न्यायालयाचेच काम होय असे सांगण्यात आले.

४

अलीकडच्या काळात कस लागला तो अधिसूचनेहूनही खालच्या पायरीवरील कागदाचा. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने ८ मे २०१३ रोजी ‘अ‍ॅडव्हायझरी’ ह्या नावाचे सूचनापत्र काढून खाद्य उत्पादनांस पूर्वमंजुरीची सक्ती केली. मूळ अधिनियमात विनियम करण्याची रीत घालून दिलेली आहे : केंद्र सरकारची पूर्वसंमती, पूर्वप्रसिद्धी आणि संसदेपुढे ठेवणे. सूचनापत्राने ह्यातील एकही पायरी चढलेली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०१४ रोजी त्यास कायद्याचे बळ नाही असा निर्णय दिला, आणि १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. सल्ला हा शब्द वापरून हुकूम करता येत नाही, हा ह्या निर्णयाचा गाभा होय.

त्यानंतरचा टप्पा २०२४ चा. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा समाजमाध्यमांवरील मजकूर ‘बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा’ आहे की नाही हे शासननियुक्त तथ्य तपासणी कक्षाने ठरवावे, अशी तरतूद ६ एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान नियमांत आली होती. कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत ३१ जानेवारी २०२४ रोजी मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही तरतूद घटनाविरोधी व मूळ अधिनियमाच्या कक्षेबाहेरची ठरविली. त्या तीन विशेषणांची व्याख्याच नव्हती, हे त्यांच्या कारणांपैकी एक होते.

५

ह्या साऱ्या निर्णयांची संगती लावता असे दिसते की, न्यायालयांनी केंद्राची नियमनसत्ता नाकारलेली नाही. तिला प्रत्येक वेळी आपला शब्दाधार दाखविण्यास भाग पाडले आहे. फर्मानास असा आधार विचारण्याची सोय नव्हती; परिपत्रकास ती आहे. देवगाव फाट्यावरील किराणा दुकानदारासही २००६ च्या अधिनियमाच्या कलम ३१ अन्वये नोंदणी वा परवाना लागतो. म्हणजे मुंबईत निकालात निघालेल्या सूचनापत्राचा प्रश्न त्याच्या दारापासून दूर नाही.

परंतु ही सोय सर्वांस सारखीच उपलब्ध आहे असे म्हणता येत नाही. वरील वादांतील अर्जदार बहुतांशी व्यापारी, औषधनिर्माते, वृत्तपत्रे व कंपन्या होत. शिवाय केंद्राचे राजपत्र निघते हिंदी व इंग्रजीत, आणि उच्च न्यायालयाचे निर्णय लिहिले जातात इंग्रजीत. सत्तेची मर्यादा जर शब्दांनीच आखली जात असेल, तर ते शब्द ज्याच्या भाषेत नाहीत त्यास त्या मर्यादेचा लाभ दुसऱ्याच्या मुखाने घ्यावा लागतो. विधिभाषेच्या मराठीकरणाकडे म्हणूनच केवळ परिभाषेचा प्रश्न ह्या दृष्टीने न पाहता, नागरिकाच्या संरक्षणाचा प्रश्न म्हणून पाहणे अगत्याचे आहे.