अंगठ्याने मोजलेली हवा

पंक्चरच्या दुकानात "किती हवा भरू?" असं विचारलं, की आपण बहुतेक वेळा "टाइट भरा" म्हणून मोकळे होतो. हे उत्तर आपल्याकडे आलं कुठून? प्रश्न साधा वाटतो, पण देहूजवळच्या भंडारा डोंगराच्या उतारावर, जिथे मुरूम चाकाखालून निसटतो, तिथे हेच उत्तर गुडघे फोडतं.

हवेच्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली घेतलं. ते घोडागाडीसाठी होतं आणि लोक ते विसरूनही गेले. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर लावून नवं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी विली ह्यूमने या टायरवर शर्यती जिंकल्या. भरीव रबराच्या चाकांचे दिवस तिथेच भरले. गंमत म्हणजे डनलॉपचा शोध आराम मिळावा म्हणून होता, पण गाजला वेगामुळे. मग शर्यतवाल्यांनी टायर अरुंद केले आणि हवा वाढवत नेली. कडक म्हणजे वेगवान, हा समज असा रुजला.

आपल्याकडे हा समज पक्का व्हायला वेगळं कारण होतं. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि इथल्या माळरानावर कारखाने उभे राहू लागले. कामगार यायचे ते २८ इंची काळ्या सायकलींवर. टायर दीड इंच रुंद, मागे कॅरिअर, त्यावर डबा, कधी गोणी, कधी सोबतचा कामगार. अशा ओझ्याखाली हवा कमी असेल, तर खड्ड्यात रिम आपटून वाकते आणि ट्यूब सरकून व्हॉल्व्ह उपटला जातो. म्हणून टाइट हवा हे त्या सायकलीसाठी शहाणपणच होतं.

माझे वडील निगडीहून भोसरीला अशाच सायकलने कामाला जायचे. निघण्यापूर्वी ते टायर अंगठ्याने दाबून बघायचे. घरात गेज नव्हता आणि असता तरी उपयोग झाला नसता. त्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये छोटी रबरी नळी असते. ती हवा आत जाऊ देते, पण बाहेर येऊ देत नाही. त्यामुळे आतला दाब गेजपर्यंत नीट पोचतच नाही. कित्येक पिढ्यांनी आयुष्यभर सायकल चालवली ती हवेचा आकडा न कळता. अंगठा टणक की मऊ एवढंच सांगायचा, आणि टणक म्हणजे चांगलं हे ठरलेलं होतं.

हा समज उलटा फिरला तो कॅलिफोर्नियात. १९७०च्या दशकात मरिन काउंटीतली काही पोरं जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. श्विनने १९३३मध्ये सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे बलून टायर आणले होते, तेही मुलांच्या दणकट वापरासाठी. २१ ऑक्टोबर १९७६ला 'रीपॅक' ही उताराची शर्यत सुरू झाली. मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस इतकं जळायचं, की प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागे. नाव त्यावरूनच पडलं. तिथल्या खडी-मातीत जाड टायर आणि कमी हवा हेच जमिनीला धरून राहायचं. माउंटन बाइक यातूनच जन्मली.

आता थोडं गणित. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल, तर मागच्या चाकावर साधारण ४८ किलो, म्हणजे १०६ पौंड येतात. ६० पीएसआयला टायर जमिनीला जेमतेम पावणेदोन चौरस इंच टेकतो, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढा. ३० पीएसआयला चार नाण्यांएवढा. हिशोब ढोबळ आहे, पण मुरुमावर दोन नाणी की चार, हा फरक ब्रेक दाबल्यावर कळतो. शिवाय कडक टायर प्रत्येक दगडावर तुम्हाला उचलतो आणि ती ताकद तुमच्याच पायांतून जाते. मऊ टायर दगडाला पोटात घेऊन पुढे सरकतो.

चाकणमध्ये बनणाऱ्या कारच्या दाराशी हवेचा आकडा छापलेला असतो. सायकलला असा आकडा छापता येत नाही. कारच्या वजनापुढे माणसाचं वजन किरकोळ असतं, सायकलवर मात्र बहुतेक ओझं माणसाचंच. टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, सल्ला नव्हे.

म्हणून आपला आकडा आपणच शोधायचा. सव्वादोन इंची, ट्यूबवाला टायर आणि ७० किलोच्या आसपास वजन असेल, तर मी पुढे २८, मागे ३१ पीएसआयपासून सुरुवात करायला सांगतो. टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली मात्र जायचं नाही. ठरलेला एकच चढउतार, ठरलेला एकच गेज. दर फेरीला दोन पीएसआय कमी करा. वळणावर टायर लुळा वाटला किंवा दगडावर रिम टेकल्याचा 'टक्' आवाज आला, की दोन परत वाढवा. तोच तुमचा आकडा. त्याच्याही खाली गेलात, तर रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये हा धोका नसल्याने आणखी थोडं खाली जाता येतं, पण रिमला मार बसतोच.

आकडा सापडला, की टायर अंगठ्याने दाबून बघा. पुढच्या वेळी डोंगरावर गेज नसेल, तेव्हा अंगठ्याला तो स्पर्श आठवेल.