डफरिनची उत्तरयात्रा

आकुर्डीच्या शिवारात काळ्या मातीखाली जो कृष्णवर्ण पाषाण लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला लाव्हा. तशाच पाषाणाच्या, परंतु अद्याप धगधगणाऱ्या भूमीकडे, म्हणजे आइसलँडला, लॉर्ड डफरिन हा तिशीतला आयरिश उमराव १८५६ साली ‘फोम’ नामक शिडाच्या लहानशा गलबतातून गेला. थिंगव्हेलीरचे प्राचीन सभास्थान व गेसीरची उष्णोदके पाहून त्याने यान मायेन या निर्जन बेटाचा मार्ग धरला. राजपुत्र नेपोलियनच्या ज्या फ्रेंच आगबोटीने ‘फोम’ला ओढत नेले होते, ती हिमखंडांपुढे माघारी वळली; डफरिनने मात्र मोहीम सोडली नाही, आणि धुके विरताच २,२७७ मीटर उंचीचा हिमाच्छादित बेरेनबर्ग ज्वालामुखी त्याच्या दृष्टीस पडला. किनाऱ्यावर उतरून गलबताच्या नाळेवरील जुनी काष्ठप्रतिमा त्याने तेथे ठेवली. सक्तीवाचून, केवळ ज्ञानलालसेने पत्करलेले हे साहस मला खरोखर आदरणीय वाटते.

प्रवासाचे पत्ररूप वर्णन १८५७ साली प्रसिद्ध झाले. १८८४ मध्ये हाच डफरिन हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. त्याच्याच अमदानीत पुण्यास योजलेले राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन, पटकीच्या साथीमुळे, डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस भरले.