माग, हजेरी आणि गस्त

रात्री गावात घर फुटले की पहाटे पहिले बोलावणे जाई ते जागल्याला. गुरे रानाकडे सुटण्याच्या आत त्याला चोराच्या पावलांचा माग धरायचा असे. एकदा धूळ तुडवली गेली की काम संपले. माग शिवेपर्यंत गेला तर पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून तो दाखवायचा. त्याने पाहून कबूल केला की तपासाचे ओझे त्याच्या गावावर. मग तो निघायचा, तिसऱ्या गावाच्या शिवेकडे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने नव्याने हाती आलेल्या मुलखावर १८१९ साली अहवाल लिहिला, त्यात ही रीत नोंदलेली आहे. मालाचा पत्ता लागला नाही तर जागल्याने ऐपतीप्रमाणे भरून द्यायचे आणि उरलेले सगळ्या गावावर बसवायचे, असा दंडक होता. पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, हेही एल्फिन्स्टन प्रामाणिकपणे सांगतो. पण काही ना काही दंड पडेच, आणि हयगय किंवा संगनमत दिसले तर पाटलाचे वा जागल्याचे इनाम काढून जवळच्या भाऊबंदाला दिले जाई.

याच जागल्याकडे आणखी एक काम होते. गावात कोण आले, कोण गेले, परका माणूस कुणाकडे उतरला, कुणाची चाल ठीक नाही, हे सगळे पाटलाच्या कानावर घालायचे. म्हणजे नुकसानीची हमी आणि परक्यावरची नजर अशा दोन गोष्टी एकाच माणसाच्या गळ्यात होत्या. आज गावोगावी गस्त, पोलीस पाटील, सुरक्षा दल, कॅमेरे असे जे काही उभे आहे त्याचा वंशवृक्ष मागे नेला तर तो इथे येऊन पोचतो. फरक एवढाच, की या दोन फांद्यांपैकी एकच वाढली.

जुन्या व्यवस्थेबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. जागल्या म्हणजे कोण? देशावर बहुतेक ठिकाणी महार, पुणे-साताऱ्याकडे रामोशी, खानदेशात भिल्ल. वेशीवर येसकर बसे तो महारच. गावाच्या मालमत्तेची हमी ज्याच्यावर, त्याचे घर गावकुसाबाहेर, त्याची मजुरी बलुत्याच्या भाकरीत, आणि चोरी झाली तर पहिला संशयही त्याच्यावरच. गाव जबाबदार असे म्हणताना त्या गावातला सगळ्यात दुबळा माणूस आधी जबाबदार, हे विसरता येत नाही.

शिवाय ही रीत चालायची ती शेतवाडीच्या गावात. बाजाराच्या गावात मागाचा उपयोग काय? आठवड्याच्या बाजाराला पंचक्रोशीतली माणसे, बैल, गाढवे, गाड्या येणार. संध्याकाळी त्या धुळीत एकाचे पाऊल दुसऱ्यापासून वेगळे करणे कुणाच्या बापाला जमणार नाही. तिथे परका माणूस ही रोजची गोष्ट. किंबहुना परका यावा म्हणूनच पेठ वसवलेली. मराठा काळात पेठ बसवताना कौल दिला जाई, काही वर्षे पट्टी माफ होई, आणि व्यापारी आणून वसवण्याचे काम शेटे-महाजन या वतनदारांकडे असे. परक्यावर नजर ठेवण्यापेक्षा त्याला सुखरूप आणणे आणि सुखरूप वाटेला लावणे हा पेठेचा धंदा होता. म्हणून बाजाराच्या वाटांवर रखवालीचे वेगळे तंत्र वाढले. रामोश्यांचे नाईक गावांकडून, वाटसरूंकडून रखवालीचा हक्क घेत आणि त्या टप्प्यापुरती हमी देत. पैसे दिले तर तो राखणदार, नाही दिले तर तोच दरोडेखोर. इंग्रजांना हे ढोंग वाटे. तरी पुण्याच्या कॅम्पात बंगल्यावर पगारी रामोशी ठेवण्याची पद्धत गोऱ्या साहेबांनीही निमूटपणे चालू ठेवली. रामोशी ठेवला की चोरी होत नाही, याचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता.

उमाजी नाईकाच्या आयुष्यात हे सगळे एकदम दिसते. पुरंदरच्या परिसरात रामोश्यांचे जुने हक्क गेले, तसे उमाजीने बंड केले. सरकारने १८२८ च्या सुमारास त्याला माफी दिली आणि पगार बांधून बंदोबस्ताच्याच कामावर घेतले. ते टिकले नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याच्या चौकशीशी संबंध आलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोश्यांवर पुस्तक छापले. कालपर्यंत जो राखण करत होता, तो आता अभ्यासाचा विषय झाला.

१८५३ पासून मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडंट आला. १८६७ साली एकापाठोपाठ एक दोन कायदे झाले: सातवा जिल्हा पोलिसांचा, आठवा गाव पोलिसांचा. आठव्याने पाटलाचे पोलिसी रूप कागदावर आणले. गुन्ह्याची खबर द्यायची, गुन्हेगार पकडून ठाण्यावर पाठवायचा, आणि किरकोळ मारामारी-शिवीगाळ असेल तर चावडीतच कोंडून ठेवायचे, एवढा अधिकार त्याला मिळाला. १८७४ च्या वतन कायद्याने जागल्या-महारांच्या नोकऱ्याही वंशपरंपरेच्या चौकटीत पक्क्या झाल्या. जुनीच माणसे, जुनीच चावडी. पण उत्तर द्यायचे ते आता वर, मॅजिस्ट्रेटला. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला उत्तर देणारे कुणी उरले नाही. नुकसानभरपाईचा हिशेब हळूहळू चावडीतून उठला आणि त्याच्या जागी अहवाल आला.

हा बदल किती खोल गेला होता ते १२ मे १८७५ ला दिसले. सुपे हे भीमथडी तालुक्यातले (आज बारामतीत) मोठे बाजाराचे गाव. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले म्हणून इतिहासात ओळखीचे. एकोणिसाव्या शतकात ते मारवाडी-गुजराती सावकारांच्या दुकानांनी भरलेले होते. बाजारासाठी आसपासची कुणबी मंडळी जमली आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. वह्या, रोखे बाहेर काढून जाळले. काही घरेही पेटली. तिथून दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. गावाला गावातले चोर ओळखता येत होते, पण इथे गर्दीच गावाची होती. पाटील कुणाचा माग काढणार? सरकारने गावोगावी पोलीस ठाणी बसवली, आणि त्या जादा पोलिसांचा खर्च गावांवर लादला. म्हणजे गावाची सामुदायिक जबाबदारी परत आली खरी, पण पैसा लुटल्या गेलेल्याकडे जाण्याऐवजी लुटीच्या बंदोबस्तावर नेमलेल्या शिपायाच्या पगाराला जाऊ लागला.

दुसरी फांदी मात्र याच काळात फोफावली. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये उत्तरेत झाला आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू करता आला. आता एखाद्याने काय केले हे पाहायची गरज नव्हती. तो कोणत्या जातीत जन्मला एवढे पुरे होते. मांग, रामोशी, पारधी, कैकाडी, भामटे यांच्या याद्या झाल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. आणि गावात सुरू झाली हजेरी. ठरलेल्या वेळी चावडीवर जाऊन पाटलासमोर नाव सांगायचे, दुसऱ्या गावी बाजाराला जायचे तर आधी परवानगी घ्यायची. अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली ती या हजेरीचा काच जवळून पाहिलेल्या वाटेगावच्या माणसाने. कायद्याच्या भाषेतला ‘प्रतिबंध’ म्हणजे काय, हे ती कादंबरी वाचून जेवढे कळते तेवढे कुठल्या मॅन्युअलमधून कळत नाही.

त्र्यंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ १९१५ मध्ये आले. ग्रामव्यवस्थेचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत दुसरे नाही. पण फिरस्त्यांवर ते लिहू लागले की अभ्यासकाच्या जागी त्रासलेला गावकरी बोलतो. गोसावी, नंदीवाले, वैदू, पारधी हे सगळे त्यांना गावाला लागलेले ओझे वाटतात. आत्रे महसूल खात्यातले अनुभवी गृहस्थ. त्यांची नजर ही त्या काळच्या चावडीची नजर होती, आणि ती बरीच वर्षे टिकली.

राखणदारीचे ओझे वाहणाऱ्यांनीच ते झुगारायला सुरुवात केली, हे या कथेतले महत्त्वाचे वळण. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारकी म्हणजे मान नसून वेठ आहे, तिला वेळ-काळ नाही, मोबदला मात्र तुटपुंजा, हे त्यांचे म्हणणे. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. त्याआधी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, गुन्हेगार जमाती कायदाही गेला. भटके-विमुक्त तो दिवस आजही साजरा करतात. मात्र सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे त्याच्या मागोमाग आलेच. याद्यांची नावे बदलली, त्या ठेवण्याची सवय कायम राहिली.

पाटीलकीचे वंशपरंपरेचे वतन गेल्यावर महाराष्ट्राने १९६७ चा ग्राम पोलीस अधिनियम केला आणि १८६७ चा कायदा शंभराव्या वर्षी रद्द झाला. आता पोलीस पाटील हा नेमलेला माणूस. वय पंचवीस ते पंचेचाळीस, गावचाच रहिवासी, हल्ली लेखी परीक्षा देऊन आलेला. अनेक गावांत ही जागा बाई सांभाळते आणि पाटलीणबाईंना फोन करा असे म्हणणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. नेमणूक प्रांतांची, म्हणजे महसुलाची, काम ठाण्याचे. बेवारस प्रेत, बांधावरची मारामारी, परक्या टोळीचा मुक्काम, मिरवणुकीचा मार्ग, सगळ्याची खबर त्याने द्यायची. मानधन अनेक वर्षे किरकोळच होते; २०२४ मध्ये ते महिना १५ हजार रुपये झाले. बीट अंमलदाराकडे वीस-पंचवीस गावे असू शकतात, पाटलाकडे एकच. त्यामुळे ठाण्याचे खरे कान तोच. अडचण एवढीच की ज्याच्याबद्दल खबर द्यायची तो त्याच्या भावकीतला असतो, किंवा त्याच्या सोसायटीचा चेअरमन.

आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मोठा गुन्हा बहुधा लहान तंट्यातून जन्मतो, तेव्हा बांधाचा, पाइपलाइनचा, वाटणीचा वाद गावातच मिटवा, हा तिचा विचार. लोकसंख्येनुसार एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. बक्षिसासाठी आकडे फुगवले गेले, समितीच्या अध्यक्षपदासाठीच नवे तंटे झाले, हे सगळे खरे. पण गावाला पोलिसाच्या कामात पुन्हा वाटा देणारी, आणि कुणाच्या जातीकडे न पाहता भांडणाकडे पाहणारी, अशी ही सरकारी कल्पना होती. तिची चेष्टा जरा जास्तच झाली.

त्यानंतरचे नवे साधन म्हणजे ग्राम सुरक्षा यंत्रणा. पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगरकडच्या अनेक गावांत ती चालते. बिबट्या दिसला, दरोडा पडला, आग लागली की नोंदणी केलेल्या माणसाने एका टोल फ्री क्रमांकावर बोलायचे. त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकदम वाजतो. बोलणाऱ्याने आपले नाव सांगायचे, घटना कुठे ते सांगायचे. हे नाव सांगणे मला यंत्रणेतल्या तंत्रज्ञानापेक्षा महत्त्वाचे वाटते. जागल्याने शिवेवर उभे राहून माग कबूल करण्यात जे होते, ते यात थोडेसे आहे.

नाव नसलेला निरोप काय करतो ते राईनपाड्यात दिसले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले हे आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवड्याचा बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे व्हॉट्सअॅपवर आठवडेच्या आठवडे पसरत होते. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात होते. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा उद्योग. सोलापूरची सेटलमेंट ज्या जिल्ह्यात होती तिथलेच त्यांच्यातले बहुतेक. परका पाहून पाटलाला खबर देणे हे जागल्याचे काम होते. इथे खबर कुणाला द्यायचीच नव्हती. प्रत्येक जण जागल्या, प्रत्येक जण न्यायाधीश. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० ला, पालघरच्या गडचिंचल्यातही चोर आल्याच्या अफवेवर रात्री पहारा देणाऱ्या गावकऱ्यांच्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना मारले. गावात गस्त घाला असे सांगणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने गस्तीला निघणाऱ्यांच्या हाती काय द्यायचे, याआधी काय द्यायचे नाही ते ठरवावे, असे तेव्हापासून वाटत आले आहे.

राहिली भरपाई. बाजारपेठेच्या गावात आज सर्वांत नेहमीची चोरी मोटरसायकलची. ठाण्यात गुन्हा नोंदतो, पंचनामा होतो, कॅमेऱ्यांचे चित्रण तपासले जाते, आणि काही महिन्यांनी बहुतेक वेळा ‘ए समरी’ भरली जाते: गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही. मालकाला चोर सापडण्याची आशा नसतेच. त्याला हवा असतो तो हा कागद, कारण त्याशिवाय विमा कंपनी दावा मंजूर करत नाही. शिवेवरचा जागल्या आणि पंचक्रोशीचे पाटील मिळून जे काम कसेबसे करत, ते शहरातल्या कचेरीतला दावा विभाग करतो. शेळी, बैल, मळ्यातली विजेची मोटार, चाळीतला कांदा यांचा विमा बहुतेकांनी काढलेला नसतो. ते चोरीला गेले तर तक्रार द्यायलाही माणसे फारशी जात नाहीत. बाजाराच्या दिवशी चार ओळखीच्यांना विचारतात, आसपासच्या गुरांच्या बाजारांत स्वतःच फेरी मारून येतात.