आचाऱ्याला कुणी विचारलं का?

गेल्या शनिवारचं रिलीज ऐनवेळी पुढे ढकललं गेलं आणि अख्खा वीकएंड मोकळा मिळाला. मग बरेच दिवस पडून असलेली एक अमेरिकन रहस्यकथा वाचून काढली. डायन मॉट डेव्हिडसन या बाईंची, १९९० सालची, 'केटरिंग टू नोबडी'. कोलोरॅडोतलं छोटं गाव. तिथे गोल्डी नावाची घटस्फोटित बाई केटरिंग करून पोट भरते. एका मयतीनंतरच्या जेवणात तिच्या माजी सासऱ्याच्या कॉफीत उंदराचं औषध निघतं, आणि पोलीस पहिलं काम काय करतात, तर गोल्डीचं स्वयंपाकघर बंद! धंदा परत सुरू करायचा तर खरा गुन्हेगार सापडायला हवा, म्हणून बाई डिटेक्टिव्ह होतात. अशा गोष्टींना तिकडे 'कोझी' म्हणतात. रक्त कमी, केक जास्त.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार झाला, काळा पहाड झाला, पण आचारी डिटेक्टिव्ह काही मला भेटला नाही. पुस्तक वाचताना मात्र सारखे आमच्या गावचे आचारी मामा आठवत होते. गाव केज तालुक्यातलं, जिल्हा बीड. गोल्डीवर आली तीच वेळ मामांवर एकदा आली होती. ते सांगतोच. पण आधी बडोद्याला जाऊन येऊ, कारण खाण्यापिण्यातल्या विषाचा आपल्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला खटला तिथला. आणि त्यातही पहिल्यांदा धरले गेले ते नोकरच.

साल १८७४. बडोद्याच्या गादीवर मल्हारराव गायकवाड, आणि इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर. दोघांचं अजिबात पटत नव्हतं. फेअर कारभाराच्या तक्रारी वर पाठवायचा. मल्हाररावांनीही नोव्हेंबरच्या सुरुवातीला 'हा माणूस बदला' म्हणून व्हाइसरॉयला खलिता धाडला होता.

९ नोव्हेंबरच्या सकाळी फेअर फिरून आला. नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत ठेवलेलं होतं. त्याने दोनतीन घोट घेतले, बाकीचं फेकून दिलं. थोड्या वेळाने मळमळायला लागलं, डोकं गरगरायला लागलं. ग्लास नीट बघितला तर तळाशी काळपट गाळ. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, मग मुंबईला डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. निघाला सोमल, म्हणजे आर्सेनिक. सोबत एक चकाकती पूड होती, ती हिऱ्याची असं सांगितलं गेलं. (हिऱ्याची पूड खाल्ली की माणूस मरतो हा आपल्याकडचा जुना समज. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पोटात त्याची कशाशी अभिक्रियाच होत नाही. म्हणजे कुणी खरंच हिरा कुटला असेल तर पैसे पाण्यात. सॉरी, सरबतात!)

विष होतं एवढं नक्की झालं. घातलं कुणी? घरातल्या नोकरांना लगेच धरलं, विचारपूस केली, हाती काही लागलं नाही. मग मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन आले. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी पगाराच्या मानाने जास्तच खर्च करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. माफीचं आश्वासन मिळाल्यावर रावजी बोलला: पूड मीच टाकली, महाराजांच्या सांगण्यावरून. जमादार नरसूचं नाव आलं, त्यानेही कबुली दिली आणि नंतर विहिरीत उडी घेतली. त्याला बाहेर काढलं म्हणून वाचला. पेद्रो नावाच्या बटलरलाही यात गोवलं गेलं, पण विषाचा आरोप त्याने शेवटपर्यंत नाकारला. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत, तेही माफीच्या आश्वासनावर बोलते झाले.

आणि मग तो पट्टा. रावजी म्हणाला, एक पुडी माझ्या पट्ट्यात राहिली असेल. पट्टा तोवर दुसरा शिपाई वापरत होता. तो मागवला आणि अकबर अली या डिटेक्टिव्हने त्यातून पुडी काढली. सोमलाची! मल्हाररावांच्या बाजूने थेट लंडनहून आलेले नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. पुडी सापडली की ठेवली?

चौकशीसाठी १८७५ च्या फेब्रुवारीत सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज आणि तीन आपले: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. निकाल तीन-तीन. इंग्रज म्हणाले महाराजांनीच करवलं, आपल्या तिघांना ते सिद्ध झालं असं वाटलं नाही. एप्रिलमध्ये सरकारने मल्हाररावांना काढलंच, पण कारण दिलं गैरकारभाराचं. त्यांना मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ मध्ये ते गेले. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि सयाजीराव झाला. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सरबताची मात्र अर्धवटच राहिली.

हा खटला वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. पपनस कुणी सोललं, ग्लास कुठे ठेवला, मधल्या वेळात तिथे कोण येऊन गेलं, हे नोकरांइतकं कुणालाच ठाऊक नसणार. पण त्यांच्याकडून माहिती घ्यायचा एकच रस्ता होता, धाक किंवा माफी. अशी मिळालेली साक्ष ऐकणाऱ्याला हवी तिकडे वळते. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग आधीच कुणीतरी एडिट केलाय, आता बसा डीबग करत.

असो. आता मामा.

गावात सप्ताह होता आणि मधेच एकादशी आली. फराळाला भगर, शेंगदाण्याची आमटी आणि भगरीच्या पिठाच्या भाकरी. रात्री लोकांना उलट्या, चक्कर, अंगाला थरथर. ट्रॅक्टरमधून माणसं दवाखान्यात नेली. सगळी वाचली. पण सकाळपर्यंत गावाचा निकाल लागलेला होता: आचाऱ्याने काहीतरी घातलं. काही पोरं तर मामांची भांडी फेकायला निघाली होती.

मामा मंदिराच्या ओट्यावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत राहिले. "तुम्ही काय काय खाल्लं?" आमटी सगळ्यांनी खाल्लेली. शिजवलेली भगरही बहुतेकांनी. आजारी पडले ते सगळे भाकरी खाणारे. मामा दात नाहीत म्हणून भाकरीच्या वाटेला गेलेच नव्हते, हे गावाच्या मते त्यांच्याविरुद्ध जात होतं! मग त्यांनी फडक्यात बांधून ठेवलेलं उरलेलं पीठ आणून सरपंचांसमोर ठेवलं. "हे तालुक्याला तपासायला पाठवा. मला मारायचं ते मग मारा."

अन्न व औषध प्रशासन दरवर्षी उपासांच्या आधी हेच सांगतं. ओल धरलेल्या भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते, तिच्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषं तयार होतात, म्हणून सुटं, दळून ठेवलेलं पीठ घेऊ नका. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातल्या एकादशीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. दोऱ्या बांधून, त्यांना सलाइन लटकवून लोकांवर रस्त्यावर उपचार करावे लागले. ते फोटो तुम्हीही बघितले असतील.

आमच्या गावात पीठ तपासणीला गेलं. निकाल आला तोवर सप्ताह कधीच संपला होता आणि मामांच्या हातच्या दोन लग्नांच्या सुपाऱ्या दुसऱ्याकडे गेल्या होत्या. पिठात बुरशी निघाली. भांडी फेकायला निघालेल्यांपैकी एकाने पुढच्या वर्षी बहिणीच्या लग्नाला मामांनाच बोलावलं. मामांनी सुपारी घेतली, पण एक अट घातली. किराणा आणायला मी सोबत येणार.