तारेभोवतीचा ताण

टाटांच्या जलविद्युत् कंपनीने १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस परळपर्यंत आणली, तेव्हा तारांवर १,००,००० व्होल्टांचा दाब होता. सह्याद्रीचे पाणी आणि मुंबईच्या गिरण्या ह्यांच्यामध्ये सुमारे ७० किलोमीटरांचे अंतर. कमी दाबाने वीज न्यावी, तर तिचा मोठा हिस्सा तारा तापविण्यातच खर्ची पडावा; म्हणून दाब चढविणे भाग होते. परंतु दहा वर्षे आधी कोणी असा बेत केला असता तर तो फसला असता. खांबाच्या आडव्या दांडीवर उभी बसविलेली चिनी मातीची टोपी ६०-७० हजार व्होल्टांपुढे टिकाव धरीत नसे. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत ह्यूलेट आणि बक ह्यांनी चकत्यांची लोंबती माळ काढली, आणि चकत्या वाढवीत दाब वाढविण्याची सोय झाली.

चकत्या वाढविता येतात. हवा मात्र आहे तीच राहते. साधारण हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट इतका ताण पडला की तिचा धीर सुटतो आणि ती वीज वाहू देते. तारेच्या पृष्ठाशी हा ताण सर्वांत तीव्र असतो. तेथे प्रथम सळसळ ऐकू येते, अंधारात जांभळट प्रभा दिसते आणि वीज हवेत झिरपू लागते. ह्या प्रकारास अभियंते कोरोना म्हणतात. त्याचा नियम पीक नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये मांडला. तार बारीक असली की प्रभा लवकर फुटते, जाड असली की उशिरा. उंच डोंगरावरच्या विरळ हवेत ती आणखी लवकर फुटते.

आता एवढा दाब मोजावयाचा कसा? ह्या प्रश्नाचे जे उत्तर निघाले ते मला फार आवडते. धातूचे दोन सारखे, गुळगुळीत गोळे समोरासमोर ठेवावयाचे आणि ठिणगी पडेपर्यंत दाब वाढवीत न्यावयाचा. गोळ्यांमधील अंतर त्यांच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी असेल तर मधले विद्युत्क्षेत्र बहुतांशी एकसारखे राहते, आणि म्हणून अंतरावरून दाब सांगता येतो. २५ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यांत १ सेंटिमीटर फट असली तर ठिणगी सुमारे ३१-३२ हजार व्होल्टांना पडते. हवेचे तापमान आणि वायुभार पाहून आकडा सुधारून घ्यावा लागतो. तरीही तीनेक टक्क्यांची चूक गृहीत धरतातच. ज्या हवेची भीती, तिलाच येथे मापाचे काम दिलेले असते. रोहित्रातल्या तेलाचीही परीक्षा अशाच रीतीने होते. अडीच मिलिमीटरांच्या फटीत नव्या तेलाने निदान ३०,००० व्होल्ट सोसले पाहिजेत. गाळून कोरडे केल्यावर ६०,०००. थोडे पाणी किंवा तंतू शिरले की हा आकडा झपाट्याने घसरतो.

मी राहतो त्या नोएडापासून जवळच, गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातच, दादरी आहे. सोनभद्र जिल्ह्यातील रिहंद येथील कोळशाची वीज तेथवर यावी म्हणून सुमारे ८१५ किलोमीटरांची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पुरी झाली. एका तारेवर अधिक ५,००,००० व्होल्ट, दुसरीवर उणे तितकेच, आणि क्षमता १,५०० मेगावॅट. प्रभा फुटू नये म्हणून एका जाड तारेऐवजी चार तारांचा जुडगा वापरला आहे. विजेच्या दृष्टीने तो एकाच फार जाड तारेसारखा वागतो.

त्याच दादरीला कोळशाचे वीजकेंद्र आहे, आणि तेथे नेमका उलटा व्यवहार चालतो. धुराड्याकडे जाणाऱ्या धुरात तारा टांगून त्यांच्यावर मुद्दाम कोरोना फोडतात. राखेच्या कणांना विद्युत्भार मिळतो, बाजूच्या पत्रे त्यांना ओढून घेतात, आणि ठराविक वेळाने पत्रे ठोकून राख खाली पाडतात. ऑलिव्हर लॉजने १८८५ साली वेल्समधील शिशाच्या कारखान्यात हा प्रयोग केला होता. तो फसला, कारण पुरेसा दाब सतत पुरविणारे यंत्रच तेव्हा नव्हते. १९०७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कॉट्रेलने गंधकाम्लाच्या धुक्यावर तीच युक्ती यशस्वी केली.

कोणी न योजता वाहिनीच्या चकत्यांवरही हेच घडते. एकदिश दाबाचे क्षेत्र दिशा बदलीत नाही. आसमंतातील धूळ ते सतत चकत्यांकडे ओढीत राहते. धूळ कोरडी असेतो फारसा अपाय होत नाही. पण दिल्लीभोवतीचे पौषातले धुके तिच्यावर बसले की चिनी मातीवर ओलसर, वाहक लेप तयार होतो आणि वीज हवा फोडण्याऐवजी त्या लेपावरूनच खाली उतरते. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तर भारतात अशा धुक्याच्या रात्री एकामागून एक वाहिन्या बंद पडल्या आहेत, आणि त्यांत नेहमीच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वाहिन्याही होत्या. थंडीच्या ऐन कडाक्यात दवाखाने, रेल्वे आणि पाण्याचे पंप ज्या विजेवर अवलंबून, ती प्रयोगशाळेत सर्व कसोट्या उतरलेल्या चकत्यांवरून अशी निसटावी, ह्याचे कारण प्रयोगशाळेची चकती स्वच्छ असते. म्हणूनच कृत्रिम धुके सोडून, मीठ आणि माती माखून चकत्यांची परीक्षा घेण्याचीही पद्धत आहे.

महाराष्ट्रातही अशीच एक वाहिनी आहे. १९९९ साली चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत, ७५२ किलोमीटर, तितक्याच दाबाची आणि तितक्याच क्षमतेची. तिच्या एका टोकाला कोळशाची धूळ, तर दुसरे टोक कोकणच्या दमट हवेत. तिकडे निदान पावसाळा चार महिने चकत्या धुऊन देतो. उत्तरेत ऐन धुक्याआधीचे महिने कोरडे जातात. तेव्हा काही ठिकाणी हेलिकॉप्टरमधून पाण्याचा झोत सोडून, वाहिनी चालू असतानाच, माळा धुतात; आणि अनेक वाहिन्यांवर चिनी मातीच्या जागी सिलिकॉन रबराच्या माळा आल्या आहेत. अळवाच्या पानासारखे त्यांच्यावर पाणी पसरत नाही, त्याचे सुटे थेंब होतात, आणि लेप जुळून येत नाही.