सप्ताह, अखंड हरिनाम : पोलादपूर–महाड परिसर

वारकरी संप्रदायात सात दिवस आणि सात रात्री खंड पडू न देता चालवलेला नामस्मरणाचा सामुदायिक सोहळा. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्रीच्या खोऱ्यातल्या पोलादपूर आणि महाड तालुक्यांत भात झोडून घरात आले की सप्ताहांचे दिवस सुरू होतात. मोठ्या गावात तो पुरा सात दिवस चालतो, लहान वाडीत तीन दिवसांचा किंवा एकाच दिवसाचा असतो. जागा बहुधा विठ्ठल-रखुमाईचे, मारुतीचे किंवा ग्रामदेवतेचे देऊळ. भजन-कीर्तनाचा कार्यक्रम एवढीच त्याची ओळख सांगितली तर मुख्य गोष्ट राहून जाते. देवाची आज्ञा पाळणे आणि गावाने एकत्र काम करणे या दोन गोष्टी इथे एकच होऊन बसतात, आणि त्या कशा होतात हे समजून घेण्याजोगे आहे. सप्ताहात पाळला जातो तो सर्वांनी मिळून पत्करलेला नेम, कुणा माणसाचा हुकूम नव्हे. त्या नेमातून कुणालाच सूट नसते, म्हणून गावाची एकजूट टिकते. जिथे सूट निघाली तिथे एकजूट पोकळ ठरली, आणि याचा पुरावाही याच परिसराने दिला आहे.

नेम कसा चालतो ते विण्याच्या पहाऱ्यावरून कळते. सप्ताह उभा राहिला की विणा एकाच्या गळ्यात पडतो आणि काल्यापर्यंत तो जमिनीला टेकत नाही. गळ्यातल्या विण्यासह उभे राहून नाम घ्यायचे, वेळ संपली की पुढच्याच्या गळ्यात तो घालायचा. देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, मग वयाने कोण मोठा हे पाहिले जात नाही. पहारा दोन तासांचा धरला तर सात दिवसांच्या 168 तासांना 84 पहारे लागतात. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत म्हणजे दर घरामागे दोन, आणि त्यातले काही मध्यरात्रीनंतरचे. ही यादी आधी बसून करावी लागते. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाला पहाटे गुरांकडे जायचे आहे, कोणत्या दोन भावांत बांधावरून अबोला आहे, हे सारे त्या बैठकीत निघते. अबोला असला तरी एकाच्या गळ्यातला विणा दुसऱ्याला घ्यावाच लागतो, कारण खंड पडला तर तो साऱ्या गावाचा पडतो. पहाऱ्याभोवती बाकीचा दिवस बांधलेला असतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी भजन आणि प्रवचन, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. पारायणात व्यासपीठ चालवणारा नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत बसतील अशी गती ठेवतो. भरभर वाचणाऱ्याला थांबावे लागते, अडखळणारा सुराबरोबर पुढे सरकतो, आणि ज्याला अक्षरओळख नाही तो शेजारी बसून ऐकतो. स्वयंपाक, पाणी, सरपण, पंगतीचे वाढप यांचीही अशीच वाटणी होते. त्या आठवड्यात गावात सुकटाचा वाससुद्धा येत नाही, आणि कोकणातल्या घरांना हे पथ्य वाटते तितके सोपे नसते.

पहिला आक्षेप असा की आज्ञापालनाची सवय लागलेला समाज कुणाही बुवाच्या ताब्यात जातो. आक्षेप खोटा नाही. महाराष्ट्राने असे बुवा पाहिले आहेत. पण वारकरी घडणीत या धोक्यावर काही उपाय मुळातच आहेत. माळ घालणारा मांस-मद्य सोडण्याचे, परस्त्रीला मातेसमान मानण्याचे, एकादशीचे आणि वारीचे नेम घेतो. हे नेम माळ घालणाऱ्या गुरूलाही तितकेच लागू असतात. संप्रदायाला एकच एक सर्वाधिकारी मठपती नाही. 1917 साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हाही तिथून कीर्तनकार घडले, आज्ञापत्रे निघाली नाहीत. विठ्ठलाच्या कथेतच आज्ञेचा क्रम उलटा आहे. आईबापांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक वीट पुढे करतो आणि देव तिच्यावर थांबतो. हाती घेतलेले सेवेचे काम टाकून ये, असे देव म्हणत नाही. याहून बोलका दाखला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या समाजआरतीचा आहे. मुक्कामी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि हजारोंचा समुदाय क्षणात गप्प होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदाराला तिच्याकडे जावे लागते, ऐकून घ्यावे लागते, आणि मग आरती होते. शिस्त आणि तक्रारीचा हक्क एकाच प्रथेत इतके जवळ क्वचित दिसतात. महाड तालुक्यातच याहून वेगळी घडणही पाहता येते. 1930 साली धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी शिवथरघळ उजेडात आणली. दासबोध इथे रचला गेला अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे. त्या संप्रदायात मठ, महंत, शिष्य अशी वरून खाली येणारी रचना आहे आणि संघटना उभी करायला ती उपयोगी पडली. वाडीतल्या सप्ताहाला मात्र महंत लागत नाही, यादी लागते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. मुंबई कायदेमंडळात 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला होता. महाड नगरपालिकेने 1924 साली त्याला अनुसरून ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना मिळत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई गावात उठली आणि परतणाऱ्या, जेवत बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. पुढे पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. हल्ला करणारेही देवाच्या नावानेच एकवटले होते. तेव्हा एकजूट हा स्वतःच गुण धरला तर सप्ताहाची घागर आणि पंचगव्याची घागर यांत फरक करता येणार नाही. फरक करता येतो तो एकाच कसोटीवर: नेम सर्वांना लागू आहे का, आणि विणा कुणाच्याही गळ्यात पडू शकतो का. या कसोटीवर वारकरी समाजही अनेकदा उणा पडला आहे. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या वेगळ्या पंगतींबद्दलची खंत लिहून ठेवली आहे. पंढरपूरचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या संप्रदायाच्या मुख्य देवळाची ही स्थिती होती. संतांची शिकवण समतेची होती, दोष माणसांचा, असे उत्तर नेहमी दिले जाते. ते अर्धेच उत्तर आहे. जी शिकवण पहाऱ्याच्या यादीत आणि पंगतीत उतरत नाही, ती पाळली असे म्हणण्याचा अधिकार गावाला उरत नाही.

यावर तिसरा प्रश्न येतो: एकत्र काम करायला देव हवाच का? 1956 च्या धम्मदीक्षेनंतर याच परिसरातल्या बौद्ध वस्त्यांनी देवाज्ञेची कल्पनाच बाजूला ठेवली, आणि तरी विहार बांधले, वर्षावासात ग्रंथवाचन चालवले, सुखदुःखात एकमेकांच्या दारी उभे राहिले. तिथेही सर्वजण एका आवाजात पंचशील घेतात, म्हणजे सर्वांनी मिळून पत्करलेला नेम तिथेही आहे. म्हणून देवाशिवाय सहकार्य अशक्य आहे हा दावा टिकत नाही, आणि भाविकाला तो करायची गरजही नाही. सश्रद्ध समाजात देव जे साधून देतो ते निराळे आहे: कामाच्या फळावर माणसाची मालकी राहत नाही. रायगडमधल्याच रोह्याला 1920 साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी स्वाध्याय परिवारात योगेश्वर कृषीचा प्रयोग केला. गावाच्या एका शेतात लोक पाळीपाळीने पुजारी म्हणून राबतात आणि पीक देवाचे मानले जाते. गरजूला त्यातून मिळते ते प्रसाद म्हणून, कुणा दात्याचे उपकार म्हणून नव्हे. सप्ताहातल्या पंगतीचे तत्त्व हेच आहे. तांदूळ कुणी किती दिला हे मांडवात सांगितले जात असेल, पण पानावर आलेल्या भातावर देणाऱ्याचे नाव नसते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आपल्या वाट्याचे कर्म हीच ईश्वराची पूजा मानली आहे, आणि सरपण फोडणारा त्या पूजेत कीर्तनकाराहून खाली बसत नाही.

आज खरा ताण वेगळ्या ठिकाणी आहे. या दोन्ही तालुक्यांतली कमावती माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईकडे गेलेली आहेत, त्यामुळे सप्ताहाचा खर्च बराचसा मुंबईकर मंडळे उचलतात. मांडव, ध्वनिक्षेपक, नामवंत कीर्तनकारांची बिदागी, आचारी हे सारे पैशाने येते आणि त्यात वावगे काही नाही. घामाचे पैसे देवाच्या कामी लावण्याची ओढ खरी आहे. पण पैशाने काम विकत घेता येऊ लागले की वाटणीची बैठक आखडते. बिदागीचा आकडा हा गावांच्या चढाओढीचा विषय झाला तर ती चढाओढ सप्ताहाच्या मुळावर येते. पहाऱ्याचे मात्र अजून कंत्राट देता येत नाही, आणि गावात मागे राहिलेल्या थोड्या माणसांवर रात्रीचे पहारे दुहेरी पडतात. म्हणूनच काही गावांत दिवसाचे पहारे महिला मंडळांकडे आले आहेत. हरिपाठ चालवणाऱ्या, शंभर पानांची पंगत उठवणाऱ्या बायकांच्या गळ्यात विणा पडायला माणसांची टंचाई कारण व्हावी, हे खटकते. गळ्यात विणा असताना त्या पहारा पुरुषांइतकाच चोख देतात, त्यामुळे पुढल्या यादीत रात्रीच्या पहाऱ्यांवरही त्यांची नावे का नसावीत याला शास्त्राचे उत्तर नाही, फक्त सवयीचे आहे.